ओझोनचे मोजमाप

जमिनीपासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचा विरळ थर आहे. सूर्याकडून येणाऱ्या घातक अतिनील किरणांपैकी बहुतेक किरण तो शोषून घेतो. हा थर विरळ म्हणजे किती? एखाद्या ठिकाणच्या डोक्यावरील सगळा ओझोन समुद्रसपाटीवर आणून पसरला, तर त्याची जाडी सरासरी अवघी ३ मिलिमीटर भरेल. या जाडीला ३०० डॉब्सन एकक म्हणतात. डॉब्सन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ती मोजण्याचे उपकरण तयार केले. ओझोन जास्त शोषतो ते अतिनील किरण आणि कमी शोषतो ते, या दोहोंच्या तीव्रतेची तुलना त्यात केली जाते.

अंटार्क्टिकावरील हॅली बे या ब्रिटिश केंद्रात असे मोजमाप १९५० च्या दशकापासून चालू होते. पुढे तेथील ऑक्टोबर महिन्याचे आकडे घसरू लागले. जोसेफ फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना संशय आला तो आकाशाचा नव्हे, उपकरणाचा. आणि तो रास्तच होता. उपकरण जुने झाले की त्याची भिंगे मळतात, विद्युत भाग शिणतात, आणि हवा बदलली नसतानाही आकडे बदलतात. १९८२ मध्ये नवे उपकरण बसवले गेले. त्यानेही तेच सांगितले. एके काळी ३०० च्या आसपास असलेला ओझोन २०० च्या खाली उतरल्याचे १९८५ मध्ये जगाला कळले.

अमेरिकेचा निंबस-७ हा उपग्रहही हेच पाहत होता. मात्र १८० पेक्षा कमी आकडा आला की तो संशयास्पद समजून बाजूला ठेवावा, अशी संगणकाची व्यवस्था होती. ते आकडे पडताळण्यासाठी दक्षिण ध्रुवावरील केंद्राची नोंद पाहिली, तर तेथे ओझोन नेहमीइतकाच! पुढे उघड झाले, की चुकीची होती ती ध्रुवावरची नोंद.

एका उपकरणाने दुसऱ्याची साक्ष द्यायची, तर दोघांचे माप एकच हवे. बाजारातील वजने जशी प्रमाण वजनाशी ताडून पाहतात, तशी जगभरची डॉब्सन उपकरणे ठरावीक वर्षांनी एकत्र आणून प्रमाण उपकरणाशी ताडतात. अमेरिकेतील क्रमांक ८३ चे उपकरण १९८० पासून जागतिक प्रमाण मानले जाते. पण त्या प्रमाणाची परीक्षा कोण घेणार? ती सूर्य घेतो. हवाई बेटावरील मौना लोआ या उंच पर्वतावर हवा अतिशय निर्मळ असते. तेथे सूर्य जसजसा वर चढतो, तसतसा किरणांचा हवेतील मार्ग आखूड होतो. त्या नोंदींवरून, मध्ये हवाच नसती तर उपकरणाने काय दाखवले असते, हे गणिताने काढता येते.

१९८७ च्या माँट्रियल करारामुळे ओझोननाशक रसायनांचे उत्पादन घटले आणि थर भरून येऊ लागला. परंतु ध्रुवप्रदेश वगळता ही वाढ दशकाला जेमतेम ०.३ टक्के आहे. उपकरणातील लहानशी चूकही ती झाकून टाकू शकते. म्हणूनच स्वित्झर्लंडमधील अरोसा येथे १९२६ पासून चालत आलेले, जगातील सर्वांत दीर्घ मोजमाप जवळच्याच दाव्होसला हलवायचे ठरले, तेव्हा उपकरणे एकदम उचलली नाहीत. कित्येक वर्षे दोन्ही गावांत एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले गेले.