चैत्रगौरीचें पन्हें

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यांत बसली, कीं अक्षय्यतृतीयेपर्यंत, म्हणजे आम्हां खानदेशकरांच्या आखाजीपर्यंत, घरोघर हळदीकुंकू चालतें. धरणगांवच्या त्या उन्हांत दारीं आलेल्यास आधीं पन्हेंच द्यावें.

पन्हें म्हणजे संस्कृतांतील पानक. १६ व्या शतकांतील ‘भावप्रकाशां’त भावमिश्रांनीं कैरी पाण्यांत शिजवून, कुसकरून, तींत साखर, थंड पाणी, कापूर व मिरीं घालण्यास सांगितलें आहे. आमच्या घरीं उकडलेल्या कैरीच्या वाटीभर गरास दोन वाट्या गूळ, चिमूटभर मीठ, वेलदोडा व केशर घालतात. भांडें पितळेचें असल्यास कल्हई हवीच. नाहीं तर आंबट गर कळकतो. पितांना या गराचे दोन मोठे चमचे पेलाभर माठाच्या पाण्यांत कालवावे.

आमच्या लहानपणीं हें सर्व आमच्या विधवा आत्याबाई करीत. परंतु हळदीकुंकवाच्या वेळीं त्या माजघराबाहेर येत नसत, आणि त्यांच्या वांट्यास तळचा गाळ उरे. आम्हांस तें तेव्हां खटकलें नाहीं, याची आज लाज वाटते. कुंकवास शास्त्राधार कोणी खुशाल शोधो. तहानेस तो लागत नाहीं. वाचकहो, यंदा पहिला पेला करणारीच्या हातीं द्यावा.