मद्यपसंतीच्या अभ्यासातील जनुकशमन

जनुकशमन म्हणजे जनुकाची रचना न बदलता त्याचे कार्य दडपणे. जनुकाचा संदेशवाहक आरएनए नष्ट केला की त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण घटते. आरएनए हस्तक्षेपाच्या शोधाबद्दल अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना २००६ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. औषध शरीरात सर्वत्र पसरते. या पद्धतीने मात्र मेंदूच्या एकाच भागातील एकाच प्रथिनाची भूमिका तपासता येते.

चिली विद्यापीठात मद्य पसंत करणाऱ्या उंदरांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ‘यूसीएचबी’ हा वाण तयार करण्यात आला. मेंदूत कॅटलेज हे विकर इथेनॉलचे ॲसिटाल्डिहाइडमध्ये रूपांतर करते. मद्याची ओढ इथेनॉलमुळे निर्माण होते की ॲसिटाल्डिहाइडमुळे, हा प्रश्न होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पूर्वी मद्य न चाखलेल्या अशा उंदरांच्या मध्यमेंदूतील डोपामाइन स्रवणाऱ्या पेशींच्या भागात विषाणूवाहकाद्वारे कॅटलेजचे शमन करणारा आरएनए पोहोचवण्यात आला. त्यांचे ऐच्छिक मद्यसेवन सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. याउलट, ॲसिटाल्डिहाइड तयार करणाऱ्या दुसऱ्या विकराचे जनुक त्याच भागात घातल्यावर सेवन वाढले. यावरून मद्याची सुरुवातीची ओढ मेंदूत तयार होणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडवर अवलंबून असल्याचे दिसते.

दीर्घकाळ मद्यास सरावलेल्या उंदरांत मात्र असा परिणाम आढळला नाही. म्हणजेच ओढ लागणे आणि जडलेली सवय टिकणे यांमागील कारणे भिन्न असू शकतात. त्यामुळे हे निष्कर्ष मानवी व्यसनाच्या उपचारांना थेट लागू करता येत नाहीत.