सैतान दाराबाहेर बसून ऐकतो

पहिल्या कम्युनियनच्या मुलांना मी बरीच वर्षं धर्मशिक्षण देते आहे. वसईच्या आमच्या गावात रविवारच्या मिस्सानंतर शाळेच्या हॉलमध्ये हा वर्ग भरतो. दहा आज्ञा, सात संस्कार, जपमाळ इथपर्यंत मुलं निमूट ऐकतात. सैतानाचा विषय निघाला की मात्र सगळ्यांचे हात वर. त्याला शिंगं असतात का? तो झोपतो का? आणि दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच : टीचर, मी मनातल्या मनात काही बोललो तर त्याला कळतं का?

पोरकट वाटणारा हा प्रश्न मोठी माणसंही बाळगून असतात. प्रार्थनासभांना नेमानं जाणाऱ्या काही बायका मुलीचं लग्न ठरत आलं, मुलाच्या व्हिसाचं काम होत आलं की त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. शेजारणीच्या नजरेची त्यांना भीती नसते, सैतानाच्या कानांची असते. दुसऱ्या टोकाला, मनात एखादा ओंगळ विचार येऊन गेला म्हणून रविवारमागून रविवार कम्युनियन न घेणारी माणसंही मी पाहिली आहेत. सैतान आपल्या आत येऊन बसलाय, अशी त्यांची खात्री असते.

ख्रिस्ती परंपरेचं उत्तर खरं तर फार जुनं आणि स्पष्ट आहे : माणसाच्या मनातलं फक्त देवाला कळतं. यरुशलेमचं मंदिर अर्पण करताना शलमोन राजा जी प्रार्थना करतो, तिच्यातच हे आलेलं आहे. सैतान म्हणजे देवाच्या तोडीचा कुणी काळा देव नव्हे. देवानंच निर्माण केलेला आणि आपल्या मर्जीनं बिघडलेला तो एक दूत आहे. म्हणून त्याच्या ताकदीला हद्द आहे. तो पाहतो, ऐकतो, अंदाज बांधतो. आत शिरून वाचणं त्याला जमत नाही.

तो अंदाज कसा बांधतो, याचा सगळ्यांत बारकाईनं विचार केला चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी. त्यांच्यातला इव्हाग्रिअस हा माझा आवडता. काळ्या समुद्राच्या दक्षिणेकडच्या पाँटस प्रांतातला हा माणूस कॉन्स्टंटिनोपलमध्ये उपयाजक होता, हुशार वक्ता म्हणून नावाजलेला. तिथे एका बड्या अधिकाऱ्याच्या बायकोवर त्याचा जीव जडला. प्रकरण हाताबाहेर जाण्याआधी त्यानं शहर सोडलं, यरुशलेम गाठलं आणि तिथून सुमारे ३८३ मध्ये तो इजिप्तला गेला. अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेकडच्या केल्लिया या वस्तीत तो ३९९ मध्ये मरेपर्यंत राहिला. थोडी भाकरी, थोडं तेल आणि पोथ्या नकलून मिळणारे चार पैसे, एवढाच त्याचा प्रपंच. मोह म्हणजे काय ते त्याला ऐकून माहीत नव्हतं, हे त्याचं लिखाण वाचताना पानोपानी जाणवतं.

एकांतात बसलेल्या माणसाच्या मनात काय काय येतं, याची त्यानं आठ भागांत यादी केली : खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, प्रौढी आणि गर्व. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी या यादीची फेरमांडणी केली आणि तीच आज आपण सात घातक पापं म्हणून घोकतो. पण इव्हाग्रिअस त्यांना पापं म्हणत नाही, विचार म्हणतो. ते येणार की नाही हे आपल्या हाती नाही. त्यांनी मनात मुक्काम ठोकायचा की नाही, हे आपल्या हाती आहे.

कंटाळ्याचं त्यानं केलेलं वर्णन तर कुठल्याही कार्यालयात बसलेल्या माणसाला पटेल. हा मध्यान्हीचा सैतान. सकाळी दहाच्या सुमाराला येतो आणि दोनपर्यंत ठाण मांडतो. सूर्य जागचा हलत नाहीसं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो. संन्यासी खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन ऊन कुठवर आलं ते पाहतो, तीन वाजले की जेवायला मिळेल याचा हिशेब करतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून वाट न्याहाळतो. मग त्याला वाटू लागतं, इथल्या लोकांत प्रेमच उरलेलं नाही, दुसरीकडे गेलं तर जास्त चांगली साधना होईल. आमच्या कोकणपट्टीतही भर दुपारी बाराला विहिरीकडे जाऊ नये असं जुनी माणसं सांगायची. इव्हाग्रिअसचं दुपारचं भूत मात्र विहिरीवर नसतं, खोलीतच असतं.

आता मूळ प्रश्न. भुतांना आपलं मन कळतं असं जे काही जण समजतात ते चूक आहे, असं इव्हाग्रिअस स्वच्छ लिहितो. बोलण्यावरून आणि शरीराच्या हालचालींवरून त्यांना सुगावा लागतो, इतकंच. त्याच वाळवंटात फिरून पुढे फ्रान्समधल्या मार्से इथे मठ स्थापणाऱ्या जॉन कासियन यानं हा मुद्दा सेरेनुस नावाच्या वृद्ध गुरूच्या तोंडून आणखी खोलात नेला आहे. भूत खादाडपणाचा विचार सुचवून बाजूला उभं राहतं. संन्याशानं खिडकीकडे पाहिलं, किती वाजले म्हणून विचारलं, की त्याला कळतं, गळ लागला. सेरेनुस दाखला देतो तो चोरांचा. अंधाऱ्या घरात शिरलेले मुरब्बी चोर बारीक वाळू उधळतात आणि ती पडताना कसला आवाज येतो ते कान देऊन ऐकतात. भांड्यावर पडली तर वेगळा, मातीवर पडली तर वेगळा. दिसत काहीच नाही, पण माल कुठे आहे ते कळतं.

हा दाखला मी मुलांना सांगते तेव्हा वर्ग चिडीचूप होतो. चोराच्या गोष्टीत सैतानापेक्षा जास्त दम असतो, हे एक कारण. दुसरं म्हणजे त्यांना चटकन कळतं की वाळू पडली म्हणजे घर लुटलं गेलं असं नाही.

सगळ्यांचं याबाबत पहिल्यापासून एकमत होतं असंही नाही. संत ऑगस्टिन यांनी भुतांच्या भविष्यकथनावर लिहिताना म्हटलं होतं, की शरीरावरच्या खुणांवरून भुतं माणसाचे अव्यक्त विचारही सहज ओळखतात. आयुष्याच्या अखेरीला त्यांनी आपली सगळी पुस्तकं पुन्हा वाचून दुरुस्त्यांचं एक पुस्तक लिहिलं, आणि त्यात कबूल केलं की तिथे आपण जरा जास्तच ठामपणे बोललो. एवढ्या मोठ्या पंडितानं जाहीरपणे माघार घ्यावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी या वादावर जवळजवळ पडदा टाकला. विचार त्याच्या परिणामांवरून ओळखता येतो, ते म्हणतात. चेहरा बदलतो, वैद्यालासुद्धा नाडीवरून मनाचे विकार समजतात, मग दूतांना आणि भुतांना आपल्यापेक्षा जास्त समजलं तर नवल नाही. पण विचार मनात जसा असतो तसा, आणि माणूस त्याचं काय करायचं ठरवतो ते, फक्त देव जाणतो. नाडीपरीक्षेचा दाखला आमच्याकडच्या आजीबाईंना एका फटक्यात पटतो.

पण विचार नुसता येणं हे पाप नसेल, तर मग मिस्साच्या सुरुवातीला आपण पापाची कबुली देतो, तिच्यात विचारांनी केलेलं पाप सगळ्यांत आधी येतं, ते का? येशू स्वतः डोंगरावरच्या प्रवचनात वासनेनं परस्त्रीकडे पाहणाऱ्याला मनातच व्यभिचारी ठरवतो, त्याचं काय? याच प्रवचनावर लिहिताना ऑगस्टिन यांनी तीन पायऱ्या सांगितल्या : सूचना, गोडी आणि संमती. एदेन बागेत सापानं सुचवलं, हव्वेला गोडी लागली, आदामानं संमती दिली. (बाईच्या वाट्याला गोडी आणि पुरुषाच्या वाट्याला निर्णय, ही वाटणी त्यांनी केली तशीच मी शिकवत नाही.) पाप पुरं होतं ते तिसऱ्या पायरीवर. येशूनं सांगितलेलं पाहणं हे वासना ठरवून पोसणारं पाहणं आहे, रस्त्यानं जाताना नजर जाणं नाही. शिवाय येशूला स्वतःला रानात सैतानानं तीनदा मोह घातला. नुसता मोह होणं हेच पाप असतं, तर त्याला निष्पाप म्हणताच आलं नसतं.

सोळाव्या शतकात एका स्पॅनिश सरदारपुत्रानं हाच विचार पुन्हा स्वतःवर करून पाहिला. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं जायबंदी झाले. पाय बरा होईतो वाचायला शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या, तर घरात होती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. पडल्यापडल्या ते कधी एका थोर घराण्यातल्या बाईची स्वप्नं रंगवत, कधी संतांसारखं अनवाणी यरुशलेमला जाण्याची. दोन्ही स्वप्नं रंगात असताना सारखीच गोड लागत. पण बाईचं स्वप्न संपलं की मन कोरडं व्हायचं आणि दुसरं संपल्यावरही प्रसन्न राहायचं. विचार कुठून आला ते तो सरल्यावर मागे काय उरतं त्यावरून ओळखावं, ही त्यांची पुढची सगळी शिकवण इथून सुरू झाली.

हे कळलं म्हणजे सुटले असं मात्र झालं नाही. पुढच्या वर्षी मान्रेसा गावात असताना त्यांना जुन्या पापांच्या शंकांनी पछाडलं. पापनिवेदन करून आले की वाटायचं, काहीतरी राहिलं. जे अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांगा, असं गुरुजींनी बजावलं. त्यांना सगळंच स्पष्ट वाटायचं. खोलीतल्या एका मोठ्या भोकातून स्वतःला झोकून द्यावं, असंही मनात येऊ लागलं. आज असा माणूस डॉक्टरांकडे गेला तर ते या शंकांना मंत्रचळाच्या आजाराचं नाव देतील. यातून बाहेर पडल्यावर त्यांनी ठरवून टाकलं, गतकाळातली पापं पुन्हा उगाळायची नाहीत.

त्याहून मजेशीर गोष्ट बार्सेलोनाची आहे. तेहतीस वर्षांचे इग्नेशियस लॅटिन शिकायला पोराटोरांत जाऊन बसले. रूपं पाठ करायला घेतली की मनात उदात्त आध्यात्मिक विचारांचा पूर यायचा, एरवी प्रार्थनेत यायचा नाही तेवढा. काही दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, हाच मोह आहे. मग शिक्षकांना चर्चमध्ये नेऊन त्यांनी शब्द दिला की पुढची दोन वर्षं एकही तास चुकवणार नाही. सैतान दर वेळी घाणेरड्याच विचाराच्या वेषात येतो, असं समजणाऱ्या पालकांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते.

त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यातल्या एका नियमात सैतानाची तुलना चोरून प्रेम करणाऱ्या लबाड पुरुषाशी आहे. मुलीनं बापाला किंवा बाईनं नवऱ्याला सांगितलं की त्याचा डाव फसतो, म्हणून तो सारखं गुप्त ठेवायला सांगत राहतो. सैतानालाही आपली कुजबुज चांगल्या सल्लागाराच्या कानी गेलेली चालत नाही. म्हणजे तोंड मिटून बसणाऱ्या आमच्या बायका नेमकं त्याच्या सोयीचं करत असतात! मुलांच्या वर्गात मी या नियमाचा अर्थ थोडा ओढून घेते : ‘कुणाला सांगू नकोस’ असं कुणीही मोठं माणूस म्हणालं, मग ते घरातलं असो की चर्चमधलं, तर त्याच दिवशी आईला सांगायचं.

प्रोटेस्टंट बाजूला नको त्या विचारांनी पछाडण्याची हीच व्यथा इंग्रज धर्मोपदेशक जॉन बनयन यांची. ख्रिस्ताला विकून टाक, असा एकच शब्द बराच काळ त्यांच्या डोक्यात घुमत होता. जेवताना, लाकूड फोडताना. १६६६ मध्ये त्यांनी हे सगळं उघड लिहून छापलं, तेही बेडफर्डच्या तुरुंगातून. बारा वर्षांनी आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध रूपककथेचं हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावानं मराठीत भाषांतर केलं. तिच्यात मृत्युछायेच्या दरीतून चाललेल्या यात्रेकरूच्या मागून एक दुष्ट हळूच येतो आणि कानात देवनिंदेचे शब्द कुजबुजतो. बिचाऱ्या यात्रेकरूला वाटतं, हे आपल्याच मनातून निघतंय. वाचकाला खरं काय ते लेखक सांगतो, यात्रेकरूला सांगत नाही.

पण प्रत्येक वाईट विचारामागे असा कुणी कुजबुजणारा शोधणं हाही आळसच. सगळी पापं सैतानाच्या चिथावणीनं होत नाहीत, काही आपल्याच इच्छेनं होतात, असं अक्वायनस यांनीही लिहून ठेवलंय. भूतबाधेबद्दल तर कॅथलिक चर्चचे नियम आमच्या लोकांना वाटतात त्याहून कितीतरी कडक आहेत. बिशपांची खास परवानगी असल्याशिवाय कुणाही फादरना भूत काढण्याचा विधी करता येत नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित विधीनुसार, हा मानसिक आजार नाही याची आधी खात्री करावी लागते आणि त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगितलं आहे. महाराष्ट्रात तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा गुन्हाच ठरवला. रात्र रात्र झोप नसलेल्या, कानात आवाज ऐकू येणाऱ्या पोराला घेऊन कुणी आई प्रार्थनासभेला निघाली, तर मी तिला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. ती रागावते. मग मी सोबत जाते, आणि केसपेपरच्या रांगेत तिला इग्नेशियसची मान्रेसाची गोष्ट सांगते.