मिउराच्या घराण्यातली लखनवी स्कूटर 🛵

लॅम्बोर्गिनी मिउरा ही स्पोर्ट्स कूपे ज्या बेर्तोने स्टुडिओची, त्यानेच १९६९ ची लॅम्ब्रेटा जीपी नव्याने घडवली!

इटलीतलं उत्पादन थांबल्यावर यंत्रसामग्री स्कूटर्स इंडियाने घेतली आणि जीपी लखनौच्या सरोजिनी नगरात बनू लागली.

🔹 रूप: चौकोनी हेडलाइट, सडपातळ बांधा, काळ्या रबरी-प्लास्टिक पट्ट्या. क्रोमचा भपका जवळपास गायब.

🔹 इंजिन: जीपी २०० मध्ये १९८ सीसी टू-स्ट्रोक. डाव्या मुठीत चार गिअर.

🔹 तोल: वेस्पाचं इंजिन उजवीकडे, हिचं पाइपच्या फ्रेममध्ये मधोमध, आडवं. त्यामुळे वजन एका बाजूला झुकत नाही.

जुनी घेताय? साइड पॅनल काढून फ्रेमचा गंज आधी बघा. इंजिनचं काम नंतरही होतं.

कुणाकडे चालू जीपी आहे? फोटो टाका!

#लॅम्ब्रेटा #जुन्यागाड्या