दहा टनांच्या दोन क्रेन आणि सरासरीचा घोळ

मी फटीगवर काम करते म्हटलं की ज्युनिअर मुलं हमखास विचारतात, "ईओटी क्रेनचा एम-५, एम-६ नक्की ठरवायचा कसा? व्हेंडर सांगतो ना?" सांगतो, पण त्यासाठी तो आधी आपल्यालाच विचारतो: क्रेन किती वेळा उचलणार, आणि दर वेळी किती वजन उचलणार? ड्यूटी रेटिंग या दोन उत्तरांवरून ठरतं. निव्वळ टनेजवरून ते ठरत नाही, आणि पहिला गोंधळ इथेच होतो.

समजा, दहा टनांच्या दोन क्रेन आहेत. एक जलविद्युत केंद्रात, फक्त देखभालीसाठी. वर्षातले ३० दिवस चालते, दिवसाला १० फेऱ्या, आणि दर वेळी पूर्ण दहा टन. दुसरी कोल्हापूरच्या एखाद्या फौंड्रीत. ताशी ८ फेऱ्या, ८ तासांची एकच शिफ्ट, वर्षाला ३०० दिवस. ओझं उचलायला घेतल्यापासून पुढचं ओझं घ्यायला क्रेन तयार होईपर्यंत एक फेरी. आयुष्य दोघींचं २५ वर्षं धरू. पहिलीच्या फेऱ्या होतात ७,५०० आणि दुसरीच्या ४,८०,०००.

आयएसओ ४३०१-१ च्या १९८६ च्या आवृत्तीतली मांडणी उद्योगात चांगलीच रुळली आहे. तिच्यात फेऱ्यांचे यू-० ते यू-९ असे वर्ग आहेत. १६,००० पर्यंत यू-०, पुढे प्रत्येक वर्गात आकडा साधारण दुप्पट, आणि अडीच ते पाच लाखांना यू-५. म्हणजे पहिली यू-० आणि दुसरी यू-५.

आता ओझ्याचा प्रश्न. त्याचा गुणांक असा काढतात: प्रत्येक ओझं कमाल ओझ्याच्या किती पट आहे ते घ्यायचं, त्याचा घन करायचा, एकूण फेऱ्यांपैकी जितक्या फेऱ्या त्या ओझ्याच्या असतील तेवढ्या हिश्शानं गुणायचं, आणि सगळ्याची बेरीज करायची. उत्तर ०.१२५ पर्यंत आलं तर क्यू-१, ०.२५ पर्यंत क्यू-२, ०.५ पर्यंत क्यू-३, त्यापुढे क्यू-४.

घनच का? वेल्डेड स्टीलच्या जोडांमध्ये ताण दुप्पट झाला की तडा जाईपर्यंतच्या फेऱ्या साधारण एक-अष्टमांश होतात, म्हणून. हे नुकसान फेरीगणिक साठत जातं ही कल्पना पामग्रेननं १९२४ मध्ये आणि मायनरनं १९४५ मध्ये मांडली. क्रेनचं वर्गीकरण त्याच पायावर उभं आहे.

फौंड्रीच्या क्रेनचं गणित करून बघू. २० टक्के फेऱ्या पूर्ण ओझ्याच्या, ३० टक्के ०.६ पट आणि ५० टक्के ०.३ पट ओझ्याच्या. बेरीज ०.२ + ०.०६४८ + ०.०१३५, म्हणजे सुमारे ०.२७८. हे क्यू-३. यू-५ आणि क्यू-३ मिळून वर्ग येतो ए-६.

आता हेच सरासरीनं करा. सरासरी ओझं ०.५३ पट, त्याचा घन ०.१४९, म्हणजे क्यू-२ आणि वर्ग ए-५. डेटा तोच आहे, फक्त सरासरी आधी काढली आणि घन नंतर केला. तेवढ्यानं क्रेन एक वर्ग हलकी ठरली. गणितवाल्यांना यात जेन्सनची असमता लगेच दिसेल. वरच्या बेरजेकडे परत बघा. ०.२७८ पैकी ०.२ एकट्या त्या २० टक्के फेऱ्यांतून आलंय. निम्म्या फेऱ्या ०.३ पट ओझ्याच्या आहेत, पण त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के. 'आमची क्रेन बहुतेक वेळा रिकामीच असते हो' हे वाक्य म्हणूनच फारसं उपयोगी नाही.

आणि पहिली क्रेन? दर वेळी पूर्ण ओझं, म्हणजे क्यू-४. तरी यू-० बरोबर वर्ग येतो फक्त ए-२. तिथे 'सेफ साइड' म्हणून ए-६ मागितली तर पैसे जातातच, पण क्रेन जड झाली की चाकांचा भार वाढतो, मग गॅन्ट्री गर्डर, कॉलम आणि पायासुद्धा वाढवावा लागतो.

ए आणि एम एकच समजू नका. ए हा अख्ख्या क्रेनचा वर्ग, एम हा यंत्रणेचा: होइस्ट, क्रॉस ट्रॅव्हल, लाँग ट्रॅव्हल. एमसाठी फेऱ्या मोजत नाहीत, ती यंत्रणा प्रत्यक्ष किती तास फिरली ते मोजतात. हुक ३ मीटरऐवजी १२ मीटर वर न्यायचा असेल आणि वेग तोच असेल, तर होइस्टचे तास चौपट होतात, पण फेऱ्या तेवढ्याच राहतात. ए बदलत नाही, होइस्टचा एम बदलतो. (मोटरच्या पाटीवरचं 'एस-४, ४० टक्के' हे तिसरंच प्रकरण. ते मोटर किती तापेल याबद्दल आहे, फटीगशी त्याचा संबंध नाही.)

खरी मेहनत ओझ्यांची टक्केवारी मिळवण्यात आहे. लोड सेलचा डेटा मिळाला तर उत्तमच. नाहीतर डिस्पॅच रजिस्टर, कास्टिंगची वजनं, आणि ऑपरेटरशी निवांत गप्पा. त्याला 'सरासरी किती उचलता?' असं विचारू नका. 'सगळ्यात जड काय उचलता, आणि शिफ्टमध्ये किती वेळा?' असं विचारा. आणि हुकाखाली मॅग्नेट किंवा ग्रॅब लटकत असेल तर त्याचंही वजन ओझ्यात धरा. माल सोडून परत येताना ते हुकालाच असतं.