पार्सलमध्ये काय आहे?

दिवाळी जवळ आली की इंदूर-ग्वाल्हेरकडच्या, बडोदे-बेळगावच्या मराठी घरांतून पार्सले निघू लागतात. मुलगा पुण्याला नोकरीस, मुलगी बंगळुरास. चकल्यांच्या डब्याशेजारी एखादी वस्तू हळूच सरकवली जाते. सुट्टीत घरी विसरलेली पॉवर बँक, नाही तर जुना मोबाइल. कुरियरच्या खिडकीवरचा माणूस विचारतो, "आत काय आहे?" आणि आपण सांगतो, "कपडे आणि फराळ." कुणाला फसवावे असा हेतू नसतो, नसती कटकट टाळावी, एवढेच. या साध्या उत्तराविषयीच आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या घडणीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोडक्या वजनात पुष्कळ ऊर्जा हा तिचा गुण, आणि भयही त्यातच दडलेले. आतल्या दोन अग्रांमध्ये अतिशय पातळ पडदा असतो आणि भोवती ज्वालाग्राही द्रव. बॅटरी चेपली, तिला भोक पडले, मूळ घडणीतच खोट राहिली किंवा उघडी अग्रे किल्ल्यांच्या जुडग्याला टेकली, तर आत उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेते, तीतून आणखी उष्णता निघते, आणि शेवटी एक घट भडकून शेजारच्याला पेटवतो. कढईतले तेल पेटले तर झाकण टाकून आपण हवा तोडतो. येथे तो उपाय पुरा पडत नाही, कारण आच एका घटाकडून दुसऱ्याकडे जातच राहते. भरपूर पाण्याने तो जथा थंड करावा लागतो. हजारो फूट उंचीवर, विमानाच्या पोटात, पाणी घेऊन कोण जाणार?

३ सप्टेंबर २०१० रोजी हेच घडले. यूपीएस कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान हाँगकाँगचा माल घेऊन दुबईहून जर्मनीतील कोलोनकडे निघाले होते. उड्डाणानंतर सुमारे २२ मिनिटांनी आगीचा इशारा वाजला. विमान मागे वळले. पण वैमानिक-कक्षात धूर इतका दाटला की समोरची यंत्रे दिसेनात. मुख्य वैमानिकाचा प्राणवायू बंद पडला. ते जागेवरून उठले ते परतलेच नाहीत. दुसरा वैमानिक एकटा, काहीही दिसत नसताना, आसपासच्या विमानांकरवी पोहोचणाऱ्या निरोपांच्या आधारे उडत राहिला. धावपट्टी ओलांडून विमान पुढे गेले आणि कोसळले. दोघेही गेले. त्या विमानात ८० हजारांहून अधिक लिथियम बॅटऱ्या होत्या, आणि आगीचा उगम बहुधा त्याच मालात असावा, असे चौकशीत निघाले. कागदोपत्री मात्र धोकादायक म्हणून जाहीर केलेला माल एकही नव्हता. निदान तीन मालपाठवण्या तशा जाहीर व्हावयास हव्या होत्या. खिडकीवरच्या आपल्या उत्तराहून हे उत्तर फार निराळे होते काय?

पुढे नियम कडक झाले. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास मनाई झाली. मालवाहू विमानातूनही त्या ३० टक्क्यांहून अधिक भारलेल्या नसाव्यात, असे ठरले. कारण भार कमी तितका भडका कमी. त्याआधी बॅटरीच्या त्या नमुन्याने संयुक्त राष्ट्रांनी ठरविलेल्या कसोट्या पार केलेल्या असाव्या लागतात : उंचीवरचा विरळ दाब, उष्ण-थंड, हादरे, धक्के, शॉर्टसर्किट. सुट्या बॅटरीचा क्रमांक ३४८०, उपकरणासोबतच्या किंवा उपकरणात बसविलेल्या बॅटरीचा ३४८१. गृहिणींनी आणि गृहस्थांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पॉवर बँक हे नियमाच्या दृष्टीने उपकरण नव्हे; ती सुटी बॅटरीच. आपण समजतो पार्सल ट्रकने जाईल. ते प्रवासी विमानाच्या पोटातूनही जाऊ शकते, आणि वर आपलीच मुलेबाळे बसलेली असतात.

सडकेने गेले म्हणजे निर्धास्त, असेही नाही. एप्रिल २०२२ मध्ये नाशकात विजेच्या स्कूटरी वाहून नेणाऱ्या कंटेनरला आग लागून वीस स्कूटरी जळाल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

तेव्हा पाठवायचेच असेल तर प्रथम खिडकीवर खरे सांगावे. नकार मिळाला तर वस्तू घरी आणावी, दुसऱ्या दुकानी जाऊन उत्तर बदलू नये. मोबाइल पूर्ण बंद करून, बटण आपोआप दाबले जाणार नाही असा, मऊ वेष्टणात घट्ट बसवावा. सुट्या बॅटरीच्या अग्रांवर चिकटपट्टी लावून प्रत्येक नग वेगळ्या पिशवीत ठेवावा. पॉवर बँकेपुरते म्हणाल, तर मुलगा पुढल्या खेपेस येईल तेव्हा त्याच्या हाती देणे सर्वांत सोपे.

विमानाने येताजाताना मात्र ती हातातल्या सामानातच हवी, खाली जाणाऱ्या बॅगेत कदापि नको. हा उलटा न्याय वाटतो खरा. पण डोळ्यांसमोर धूर निघाला तर कुणी तरी पाहील आणि पाणी ओतील. १०० वॅट-तासांपर्यंतची चालते. १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाहीच. नेहमीची १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३७ वॅट-तासांची भरते. दारात ऐनवेळी आपली बॅग खाली पाठविण्यास सांगितले, तर ती आठवणीने काढून घ्यावी.

फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी दुरुस्तीसाठी, बदलून घेण्यासाठी, कशासाठीही पार्सलने धाडू नये. कंपनीच्या दुकानाशी आधी बोलावे. गावातच ई-कचरा घेणारे असतील तर स्वतः नेऊन द्यावी. तोवर कोरड्या वाळूच्या मडक्यात, कपडे-कागदांपासून दूर, गॅलरीत ठेवावी.