'त्सार' : व्युत्पत्ती आणि अर्थ

रशियाच्या राजास मराठीत 'झार' म्हणतात. 'झारशाही' हा शब्दही त्यावरूनच रूढ झाला. मूळ रशियन उच्चार मात्र 'त्सार' असा असून मराठीतील 'झ' हा इंग्रजी उच्चारास अनुसरतो.

या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एके काळी मतभेद होता. इतिहासकार करमझिन याने त्याचा संबंध रोमन 'सीझर'शी न जोडता असीरिया-बॅबिलोनच्या राजनामांतील अंत्य 'सर' या अंशाशी जोडला. परंतु हे मत टिकत नाही. 'नबुखद्नेस्सर' या नामाचा अंत्य अवयव 'रक्षण कर' अशा अर्थाच्या क्रियापदापासून आलेला आहे. तो राजवाचक नव्हे. उलट प्राचीन स्लाव्ह ग्रंथांत 'त्सेसार' हे रूप प्रत्यक्ष आढळते. लॅटिन 'सीझर'चा प्राचीन उच्चार 'कैसर' असा होता. स्लाव्ह भाषांत विशिष्ट स्वरापूर्वीच्या 'क'चा 'त्स' होतो. त्या नियमाने 'त्सेसार' सिद्ध झाले व पुढे संक्षेपाने 'त्सार' उरले. जर्मन 'कैसर' आणि 1877 साली व्हिक्टोरिया राणीसाठी घोषित झालेल्या 'कैसर-ए-हिंद' या पदवीतील 'कैसर' हे त्याच मूळ शब्दाचे अन्य मार्गांनी आलेले वंशज होत.

अर्थाचा प्रश्न मात्र व्युत्पत्तीने सुटत नाही. जुन्या रशियन लेखनात बायझंटाइन सम्राट, तातार खान आणि बायबलातील दावीद राजा या तिघांनाही 'त्सार' म्हटले आहे. कॉन्स्टँटिनोपल नगरास तर 'त्सारग्राद' हेच नाव होते. राज्याच्या विस्तारापेक्षा, ज्याच्यावर दुसरा अधिपती नाही असे प्रभुत्व हा अर्थ येथे प्रधान दिसतो. मॉस्कोचे राजे दीर्घकाळ खानांचे मांडलिक होते. त्यामुळे 16 जानेवारी 1547 रोजी चौथ्या इव्हानने 'त्सार' म्हणून राज्याभिषेक करविला, ही सार्वभौमत्वाची घोषणाच ठरली.

युरोपीय दरबारांपुढे मात्र पेच उभा राहिला : त्सार म्हणजे राजा की सम्राट? 1721 साली पहिल्या पीटरने 'इंपेरातोर' ही लॅटिन पदवी धारण करून आपला पक्ष निःसंदिग्ध केला. तथापि कझान, अस्त्राखान, सायबेरिया यांच्यापुरती 'त्सार' ही संज्ञा राजकीय बिरुदावलीत राहिली, आणि लोकांच्या तोंडी तर 1917 साली राजसत्ता संपेपर्यंत सम्राट हा 'त्सार'च होता.

तात्पर्य, व्युत्पत्ती शब्दाचे कुळ सांगते. त्याचा अधिकार प्रयोगावरूनच ठरतो.